माऊलीच्या अक्षरातलं भाषण

श्रीपती देऊळगावकर सरांना कुणी साधा प्रश्न विचारला, की त्यांच्याकडून दोन उत्तरं मिळत. दोन्ही पटण्यासारखी आणि एकमेकांच्या बरोबर उलटी. आज दोडका करू की गवार, असं त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, एकदा विचारलं होतं. सरांनी आधी दोडक्याची बाजू मांडली, मग गवारीची, आणि दोन्हीत इतकं तथ्य निघालं की त्या दिवशी घरात पिठलं झालं. हा किस्सा रमाबाई मस्तगड भागातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सरही हसत. त्यांना तो आपला गौरव वाटे.

ही सवय लागली शाळेत. टेंभुर्णीकडच्या एका शाळेत सरांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि वादविवाद स्पर्धेची जबाबदारी पहिल्या वर्षापासून त्यांच्याच गळ्यात पडली. स्पर्धेला प्रत्येक शाळेची जोडी जाते. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. दोन्ही भाषणं सर स्वतः लिहीत. रविवारी सकाळी चहा झाला की अनुकूल, आणि दुपारी डुलकी काढून उठले की प्रतिकूल. सकाळी जे डोळ्यांत पाणी आणून लिहिलं, ते दुपारी असं काही झोडपून काढीत की वाचणाऱ्याला वाटावं, ह्या दोन माणसांचं पिढीजात वैर असणार.

कुणी कोणती बाजू घ्यायची, हे चिठ्ठीवर ठरे. दोन चिठ्ठ्या कंपासपेटीत टाकायच्या, पेटी हलवायची, डोळे मिटून एकेक उचलायची. उचलली ती उचलली, अदलाबदल नाही. मग मुलांनी आपापलं भाषण स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायचं. दुसऱ्याच्या अक्षरातलं पाठ होत नाही, असा सरांचा अनुभव होता. उतरवून झालं की सरांचे मूळ कागद शिपाई चहाच्या चुलीत घाली. मास्तरांनी लिहून दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. ह्या शिस्तीवर शाळेला एवढ्या ढाली मिळाल्या की शेवटी शेवटी त्या ठेवायला नकाशांचं कपाट रिकामं करावं लागलं.

तर अशा ह्या सरांकडे फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी एक मुलगी आली. नाव अर्पिता, वय असेल पंचविशीचं, खांद्याला कापडी पिशवी, आणि संभाजीनगरहून एसटीनं आल्यामुळे केसांत धूळ. रमाबाईंनी पाणी दिलं. ती सगळं प्यायली आणि मग म्हणाली, "सर, तुमचा एक विद्यार्थी होता. हरिओम."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हरिओम कोण, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून हरिओमनं माऊलीला मारलं होतं. माऊलीला, आडव्या आलेल्या त्याच्या बायकोला म्हणजे तृप्तीला, आणि तिच्या कडेवरच्या चार वर्षांच्या धाकट्या राजनंदिनीलाही. बांध होता हातभर. थोरली मुलगी त्या दिवशी हसनाबादला मामाकडे गेली होती म्हणून वाचली. माऊलीही सरांचाच विद्यार्थी. सर दहाव्याला त्याच्या आईला, उषाबाईंना भेटायला गेले होते. एकतीस वर्षं भाषणं लिहिणारा माणूस तिथे तासभर बसला आणि एक अक्षर न बोलता उठून आला.

"जिल्ह्याच्या न्यायालयानं त्याला फाशीची शिक्षा दिलीय," अर्पिता म्हणाली. "पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती होत नाही. तिथे गुन्हा तर कागदावर आहेच, पण तो करणारा माणूस कसा घडला, हेही न्यायाधीशांपुढे यावं लागतं. त्याच्या वकिलांसाठी ते गोळा करायचं माझं काम. तो शाळेत कसा होता? तुम्हाला काय आठवतं?"

"तुम्ही त्याला सोडवायला आलात?" दारात उभ्या रमाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"सुटणार नाही तो, काकू. जन्मठेप की फाशी, एवढंच ठरायचंय. आणि ते मी ठरवत नाही."

"एवढंच!" रमाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सर म्हणाले, "हुशार होता. तालुक्यात पहिला आला होता वादविवादात. ढाल आणली."

"विषय कोणता होता?"

ज्या माणसाला एकतीस वर्षांतला प्रत्येक विषय, प्रत्येक परीक्षक आणि प्रत्येक शाळेत मिळालेला चहासुद्धा आठवत होता, तो माणूस म्हणाला, "आठवून सांगतो." मग घाईघाईनं पुढे म्हणाला, "मी लिहूनच देतो सगळं. पुढच्या गुरुवारी या."

ती गेली, आणि सरांच्या मागे चिंता लागली.

विषय त्यांना आठवत होता. तालुका स्पर्धा, एकवीस वर्षांपूर्वीची. 'फाशीची शिक्षा रद्द करावी.' जोडी होती नववीतल्या दोघांची: हरिओम आणि माऊली. चिठ्ठ्या उचलल्या. रद्द करावी, हे माऊलीला आलं. रद्द करू नये, हे हरिओमला. आणि हरिओम त्या दिवशी असा काही बोलला की परीक्षकांतले एक निवृत्त तहसीलदार उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फाशी हवीच, असं सांगून ढाल आणणारा मुलगा आज फाशीच्या कोठडीत होता, आणि त्याला ते वाक्यन्‌वाक्य सरांनी दिलं होतं. हे कागदावर कसं मांडायचं?

पण खरी अडचण ती नव्हतीच. सरांना दुसरंच काही आठवलं होतं, आणि ते आठवल्यापासून त्यांना जेवण जाईना.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालली होती. हरिओम मधेच थांबला आणि म्हणाला, "सर, फाशी दिली की माणूस मरायला किती वेळ लागतो?" सर म्हणाले, "परीक्षक हे विचारत नाहीत. तिसरा परिच्छेद म्हण." त्यानं म्हटला. बस, एवढंच.

शुक्रवारी सकाळी सर कागद घेऊन बसले. त्यांनी लिहिलं: चौदा वर्षांच्या त्या मुलाला फाशी जाणाऱ्याच्या शेवटच्या क्षणांची काळजी वाटली होती, त्याचं मन मुळात हळवं होतं. वाचून त्यांना ते अगदी पटलं. दुपारी उठून त्यांनी दुसऱ्या कागदावर लिहिलं: त्या वयातही त्याला दयामायेत रस नव्हता, माणूस किती वेळात मरतो, याचं त्याला कुतूहल होतं. तेही पटलं. त्यांनी हरिओमचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. घाबरला होता का? डोळे चमकले होते का? चेहरा काही येईना. आठवत होती ती फक्त त्याच्या वहीतली तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात. सरांनी त्या वेळी मुलाकडे बघितलंच नव्हतं. ते वहीत बघत होते.

"काय लिहिलंत?" रमाबाईंनी विचारलं.

"दोन्ही," सर म्हणाले.

ह्या खेपेला रमाबाई हसल्या नाहीत.

शनिवार गेला, रविवार गेला. पोर हळवं होतं आणि पोर क्रूर होतं, हे दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पडून राहिले. सर कधी एकावर चष्मा ठेवीत, कधी दुसऱ्यावर. त्यातच त्यांना आपण स्वतः कोणत्या बाजूचे आहोत, असा प्रश्न पडला. फाशी असावी की नसावी? ह्या विषयावर त्यांनी पुढेही पाच-सहा वेळा लिहिलं होतं, म्हणजे दहा-बारा भाषणं. इतकं लिहिलेल्या माणसाला स्वतःचं एक मत असू नये? त्यांनी मनात शोधलं. तिथे नुसती भाषणं होती. सर घाबरले, खरोखर घाबरले, आणि हे त्यांनी रमाबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी दारात उषाबाई उभ्या राहिल्या. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशातच. टेंभुर्णीहून जीपनं आल्या होत्या दोघी.

"गुर्जी, वळखलं का? माऊलीची माय. ही त्याची थोरली, प्रियदर्शनी."

सर उठून उभे राहिले. रमाबाईंनी सतरंजी टाकली. उषाबाई खाली बसल्या, मुलगी भिंतीला टेकून उभीच राहिली. उषाबाईंनी आल्याआल्या मुद्द्याला हात घातला.

"ती शहरातली पोरगी गावात आल्ती. हरिओम कसा व्हता, काय खायचा, बाप मारायचा का, ज्याला त्याला विचारून राह्यली. मी तिला वाटंत अडवलं. म्हनलं, बाई, माझा माऊली कसा व्हता, ते कोणी विचारायचं का न्हाई?"

"मग?"

"मंग ती रडली. मी तिला घरात नेलं, पाणी पाजलं. म्हनली, आजी, तुम्हाला काय सांगायचं ते लिहून द्या, मी वकिलापाशी देते, कोर्टापुढं जाईल. म्हणून आले. अर्ज लिहून द्या."

"काय लिहायचं?" सरांनी विचारलं.

उषाबाईंनी पदर सारखा केला. मग नातीकडे बघून म्हणाल्या, "माझं विचारता तर मला वाटतं, त्याला पारावर आणून… जाऊ द्या, पोरीपुढं बोलू नये. पण माझ्या वाटण्याला काय किंमत हाय? माऊलीनं लिहून ठिवलंय. त्याच्या शब्दाबाहेर मी जाऊ का?"

"माऊलीनं लिहून ठेवलंय?"

"घरात भांडी हलवताना फळीवर सापडलं. मला वाचता येत न्हाई, हिनं वाचून दाखवलं." उषाबाईंनी कॅरीबॅग उघडली आणि निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

सरांनी ती हातात घेऊन उघडली. पहिली नऊ-दहा पानं निळ्या शाईत, टपोरं, डावीकडे कललेलं अक्षर. माऊलीचं अक्षर. त्याच्या पुढची पानं बॉलपेननं, फवारणीच्या तारखा.

"वाच गं," उषाबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं वही हातात घेतली. शाळेत धडा वाचावा तशी ती सपाट आवाजात वाचू लागली. "'सन्माननीय परीक्षक… खून करणारा माणूस आभाळातून पडत नाही. त्याच्याही घरात चूल असते. त्याचीही आई सकाळी उठून भाकरी थापत असते. त्याला फासावर चढवून आपण मेलेल्याच्या आईचे दुःख कमी करीत नाही, तर गावात दुसरी तशीच आई तयार करतो…'"

"ऐकलं का गुर्जी?" उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. "हरिओमची माय पलीकडच्याच गल्लीत ऱ्हाती. सकाळी तिच्या भाकरीचा आवाज मला ऐकू येतो. आन् माझ्या लेकरानं हे आधीच लिहून ठिवलं! जसं काय त्याला ठावं व्हतं."

मुलगी पुढे वाचत होती. "'एका घरातले रडणे थांबवण्यासाठी…'" आणि इथे ती एकदम थांबली. पान उलटायचं होतं. पण वाक्य थांबलं नाही. सरांच्या तोंडून पुढचे शब्द निघून गेले: "दुसऱ्या घरात रडणे पेरायचे…"

प्रियदर्शनीनं पान उलटलं आणि बघितलं. मग सरांकडे बघितलं.

"तुम्हाला कसं पाठ, सर?"

सर सतरंजीकडे बघू लागले.

"मी मघापासून बघून राह्यले. मी वाचायच्या आधी तुमचे ओठ हलतेत." ती जवळ आली. "हे बाबांनी मनानं लिहिलं का?"

प्रश्न साधा होता, हो की नाही एवढाच. सरांच्या डोक्यात दोन्ही भाषणं तयार झाली, क्षणात, सवयीनं. हो म्हणावं. ह्या बाईला लेकराचा शेवटचा शब्द म्हणून काहीतरी मिळालंय, त्याला हात लावणारे आपण कोण? तिनं त्या जोरावर क्षमा केली, तर एक जीव वाचेलही कदाचित. नाही म्हणावं. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेली क्षमा घालून त्याच्या आईची सही घेणं, ही कसली क्षमा? दोन्ही बरोबर. दोन्हीला टाळ्या पडल्या असत्या. सरांनी दारातल्या रमाबाईंकडे बघितलं. भाषणं कोण लिहीत असे, ते रमाबाईंना माहीत होतं. त्या नजर हलवत नव्हत्या. मुलगीही हलवत नव्हती.

"मी लिहिलं," सर म्हणाले. "माऊलीनं फक्त उतरवून घेतलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. स्पर्धा, जोडी, कंपासपेटी, चिठ्ठ्या. हरिओमला काय आलं, माऊलीला काय आलं. उषाबाई ऐकत होत्या, पण त्यांना ते समजत होतं की नाही, कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे चिठ्ठी उलटी निघाली असती, तर माझ्या लेकराच्या वहीत फाशी द्या असं असतं?"

"हो."

"आन् त्याला पटत व्हतं का हे? त्यानं लिहून घेतलं ते?"

इथे सरांना गप्प बसता आलं असतं. पण सुरुवात झाली होती. "दुसऱ्या दिवशी तो आला होता माझ्याकडे. म्हणाला, सर, मला हे पटत नाही, मारणाऱ्याला का सोडायचं? हरिओमला कोणतंही चालतंय, आम्ही बदलून घेतो. मी म्हटलं, चिठ्ठी बदलायची नाही. आणि म्हटलं…" सरांनी वहीकडे बघितलं. "म्हटलं, पटायचं काय कारण? पाठ कर."

उषाबाईंनी वही नातीच्या हातातून घेतली. पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग वही खाली ठेवली, मग परत उचलली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर काढावा तेही कळत नसावं.

"पण बाबांनी ही पानं फाडली न्हाईत," प्रियदर्शनी म्हणाली. "फवारणीचं लिहायला वही घेतली, तर ही पहिली पानं फाडता आली असती की. सतरा वर्षं ठिवली."

"मंग पटलं असंल का त्याला नंतर?" उषाबाईंनी सरांना विचारलं, जणू ते माऊलीला विचारून येणार होते.

"मला माहीत नाही, उषाबाई."

"तुम्हाला तरी पटलेलं व्हतं का? लिहिताना?"

"सकाळी पटलं होतं," सर म्हणाले. "दुपारी दुसरं पटलं."

"मंग आमच्या लेकरांच्या तोंडात कामून घातलं?"

ह्या प्रश्नाला सरांपाशी दोन उत्तरं नव्हती. एकही नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली.

"हरिओमचं म्हना," उषाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्याला जे दिलं व्हतं ते. पाठ असंलच तुम्हाला."

सरांनी म्हणायला सुरुवात केली, हळू, खाली बघत. "'दया मोठी गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. पण ती कोणाच्या वतीने करायची? ज्याच्या घरात एक ताट कायमचे पालथे झाले, त्याला विचारल्याशिवाय आपण कोण उदार होणार? मेलेला माणूस इथे येऊन बोलू शकत नाही. त्याच्या वतीने कायद्याने बोलले पाहिजे…'" आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, उजवा हात उठला, बोट समोर रोखलं गेलं, तालमीत दाखवायचे तसं. ते बोट उषाबाईंच्या समोर हवेत थांबलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात मांडीखाली घेतला आणि पुढचं म्हटलं नाही.

"तीन ताटं," उषाबाई म्हणाल्या. "बराबर हाय हे बी. दोन्ही बराबर हाईत. बिलकुल." त्यांनी डोळे पुसले आणि त्या ताठ बसल्या. "घ्या कागद. लिहा."

सरांनी कागद ओढला. टेबलावरचे ते दोन कागद बाजूला सरकवले.

"लिहा. मी उषाबाई, माऊलीची माय. मला सकाळी उठलं की वाटतं, त्याला फाशी व्हावी. तिकडून त्याच्या मायच्या भाकरीचा आवाज आला की वाटतं, नगं व्हायला. दुपारी नात शाळंतून एकटी आली की परत वाटतं, व्हावी. मला समजून न्हाई राह्यलं. माझ्या लेकराला काय वाटलं असतं, तेबी मला समजत न्हाई. म्हणून माझ्या नावावर त्याला फाशी देऊ नका, आन् माझ्या नावावर सोडू बी नका. तुम्ही न्यायाधीश हाय, तुमचं तुम्ही ठरवा. झालं."

सरांनी जसं सांगितलं तसं लिहिलं. लिहून झाल्यावर पेन थांबलं. समारोप नव्हता. समारोपाशिवाय त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. "शेवटी काही घालू का? तरी माननीय न्यायालयास…"

"नगं," उषाबाई म्हणाल्या. "तुमचं काई नगं."

शाईचा डबा सापडेना. रमाबाईंनी पेनची नळी मोडून शाई काढली आणि उषाबाईंनी तिच्यात अंगठा बुडवून कागदावर उठवला. चहा त्यांनी घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही. चारची जीप गाठायची होती. वही त्यांनी परत पिशवीत ठेवली. सरांना वाटलं होतं, त्या ती इथेच टाकून जातील.

पायरीवर प्रियदर्शनी चप्पल घालत होती. सर दारापर्यंत आले. तिनं एक पट्टा अडकवला, दुसरा अडकवताना वर न बघता विचारलं, "सर, फाशी दिली की माणूस मरायला किती वेळ लागतो?"

सरांनी चौकट धरली. तेच शब्द. वयही जवळपास तेवढंच. ही मुलगी हळवी आहे, का हिला त्याचे हाल व्हावेत असं वाटतंय? त्यांनी ह्या खेपेला तिच्याकडे बघितलं, नीट बघितलं. तरी कळेना. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कळायची एक अगदी सोपी वाट आहे, आणि एकवीस वर्षांपूर्वीही होती.

"का विचारतेस, बाळ?" ते म्हणाले.

तिनं वर बघितलं. असं कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाबाला किती वेळ लागला, ते मला कोणी सांगत न्हाई," ती म्हणाली. "आईला, राजनंदिनीला. सगळे म्हणतेत, लगेच गेले. लगेच म्हंजे किती? त्याला फाशीला जर कमी वेळ लागत असंल, तर…"

"तर?"

तिनं दुसरा पट्टा अडकवला. "तर माहीत न्हाई," ती म्हणाली, आणि आजीच्या मागे निघाली.

सर घरात आले. टेबलावरचे ते दोन कागद त्यांनी आडवे-उभे फाडले. हळवा हरिओम आणि क्रूर हरिओम एकाच केरात गेले. मग ते खुर्चीत बसले आणि रडले. रमाबाईही आत तांदूळ निवडता निवडता डोळे पुसत होत्या.

गुरुवारी अर्पिता आली. सरांनी तिला आधी उषाबाईंचा अर्ज दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि जपून पिशवीत ठेवला. मग स्वतःचा कागद दिला. त्यावर फार मजकूर नव्हता. स्पर्धेचा विषय, चिठ्ठ्या, कुणाला काय आलं, आणि दोन्ही भाषणं आपणच लिहिली, एवढं होतं. त्याखाली हरिओमचा तो प्रश्न. आणि त्याच्याखाली एक वाक्य: 'तो असे का विचारतो आहे, हे मी त्याला विचारले नाही.' खाली सही, तारीख.

अर्पितानं वाचलं. "सर, हे कोर्टापुढे ठेवलं, तर त्याच्या बाजूनं जाईल की विरोधात जाईल, मला सांगता येत नाही."

"मलाही नाही."

"त्यानं का विचारलं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

दारात उभ्या रमाबाई नवऱ्याकडे बघू लागल्या. आता पहिली बाजू येईल, मग दुसरी, असं त्यांना सवयीनं वाटलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्याला तुरुंगात भेटता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं. नातेवाइकांशिवाय इतरांना परवानगी लागते. अर्ज करावा लागेल. पण सर, भेटून काय बोलणार?"

"बोलायचं काही नाही," सर म्हणाले. "त्याला एक विचारायचं राहिलंय."